सर्वधन : दिघीची खाडी आणि वाढत्या वेगाचे गणित

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राजपुरीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या उत्तर तीरावर मुरूड तालुक्यातील आगरदांडा आणि दक्षिण तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी ही दोन गावे समोरासमोर वसली असून खाडीच्या मुखाशी पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला उभा आहे. एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जमिनीने जायचे झाले तर खाडीला मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे, दुचाक्या आणि मोटारी एकदमच पलीकडे नेणारी फेरीबोट, जिला कोकणात जंगलजेट्टी असेही म्हणतात, ती या दोन धक्क्यांमध्ये ये-जा करते. या बोटीचा प्रवास लक्षपूर्वक पाहिला तर त्याचे तीन भाग पडतात : धक्का सोडल्यावर तिचा वेग हळूहळू वाढत जातो, खाडीच्या मध्यभागी तो जवळपास स्थिर राहतो आणि समोरचा धक्का जवळ येऊ लागला की तो कमी होत होत शून्यावर येतो. मधल्या भागात बोटीने किती अंतर कापले, हे वेगाला वेळेने गुणून कोणीही सांगू शकेल. परंतु पहिल्या आणि शेवटच्या भागात वेग क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे वेळेला नेमके कोणत्या वेगाने गुणायचे, हाच मूळ प्रश्न होऊन बसतो.

महाराष्ट्रातील इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘गतीचे नियम’ या प्रकरणात या प्रश्नाचे उत्तर एका समीकरणाच्या रूपाने दिलेले असते आणि बहुतेक विद्यार्थी ते पाठही करतात. मात्र त्यातला ‘एक द्वितीयांश’ कुठून आला आणि काळाचा वर्ग का करायचा, हे पाठांतरात हरवून जाते. वस्तुतः या समीकरणाच्या मुळाशी असलेली कल्पना अगदी घरगुती आहे, आणि तिच्यासाठी लागणारी जवळपास सगळी परिभाषा बाराव्या शतकात सह्याद्रीच्या परिसरातील एका गणितज्ञाच्या ग्रंथात तयार होती.

वेग आणि वेगाची वाढ

ठरावीक दिशेने एकक काळात कापलेले अंतर म्हणजे वेग, आणि एकक काळात वेगात पडणारा फरक म्हणजे त्वरण. बोलण्यात ‘गाडीने वेग घेतला’ असे म्हटले जाते तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात मिसळलेल्या असतात : गाडी किती वेगाने धावते आहे ही एक, आणि तो वेग किती झपाट्याने वाढतो आहे ही दुसरी. एखादे वाहन ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने सरळ रस्त्यावर एकसारखे धावत असेल तर त्याचा वेग मोठा असूनही त्वरण शून्य असते. उलट धक्का सोडणाऱ्या बोटीचा वेग पहिल्या क्षणी शून्य असला तरी तिला त्वरण असते, आणि ते नसते तर ती धक्क्यापासून हललीच नसती.

उदाहरणासाठी असे धरू की बोट स्थिर स्थितीतून निघून ४० सेकंदांत सेकंदाला ३.२ मीटर इतक्या वेगाला पोहोचते. ४० सेकंदांत वेगात ३.२ ची भर पडली, म्हणजे दर सेकंदाला ०.०८ ची भर पडली. म्हणून तिचे त्वरण ‘०.०८ मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला’ इतके झाले. या एककात सेकंद दोनदा येतो याचे अनेकांना कोडे पडते, पण पहिला सेकंद वेगाच्या व्याख्येतला आहे आणि दुसरा सेकंद त्या वेगाला वाढायला लागलेल्या वेळेचा आहे, हे ध्यानात घेतले की कोडे उरत नाही. पाठ्यपुस्तकात हेच ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ असे संक्षेपाने लिहितात. वेग घटत असेल तर त्वरण ऋण मानतात आणि त्याला मंदन असेही म्हणतात. दर सेकंदाला पडणारी भर सारखीच असेल तर ते एकसमान त्वरण होय, आणि पुढची सारी मांडणी एकसमान त्वरणालाच लागू पडते.

राजाची सात दिवसांची वाटचाल

शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला आणि ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणिताचा भाग होय. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने आजच्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला, त्याची नोंद करणारा शिलालेख तेथे आहे आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. ‘लीलावती’तील श्रेढीव्यवहार या प्रकरणात सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांची बेरीज कशी करावी, हे सांगितले आहे. श्रेढी म्हणजे अशा संख्यांची ओळ. तिच्यातील पहिल्या संख्येला मुख, दर पायरीला पडणाऱ्या भरीला चय, पदांच्या संख्येला गच्छ, शेवटच्या पदाला अंत्यधन, मुख व अंत्यधन यांच्या सरासरीला मध्यधन आणि सगळ्या पदांच्या बेरजेला सर्वधन अशी नावे आहेत. नियम असा की गच्छातून एक वजा करून त्याला चयाने गुणावे व त्यात मुख मिळवावे म्हणजे अंत्यधन मिळते. अंत्यधनात मुख मिळवून निम्मे करावे म्हणजे मध्यधन मिळते. आणि मध्यधनाला गच्छाने गुणले की सर्वधन हाती येते.

याच प्रकरणात भास्कराचार्यांनी घातलेले एक उदाहरण आजच्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करण्यासाठी निघालेला एक राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालतो, नंतर रोज सारख्या प्रमाणात वाटचाल वाढवत नेतो आणि सात दिवसांत ऐंशी योजनांवरचे शत्रूचे नगर गाठतो. तर त्याची वाटचाल रोज कितीने वाढली, असा हा प्रश्न आहे. सात दिवसांत ऐंशी योजने म्हणजे रोजची सरासरी ८०/७ योजने होते, आणि वाढ सारखी असल्यामुळे ही सरासरी बरोबर मधल्या, म्हणजे चौथ्या दिवसाची वाटचाल असली पाहिजे. पहिल्या दिवसाच्या दोन योजनांपासून, म्हणजे १४/७ पासून, चौथ्या दिवसाच्या ८०/७ पर्यंत येईतो ६६/७ योजनांची वाढ झाली आणि ती तीन पायऱ्यांत झाली. म्हणून रोजची वाढ २२/७ योजने, म्हणजे तीन योजनांपेक्षा थोडी अधिक ठरते.

या उदाहरणातील मुख म्हणजे सुरुवातीचा वेग, चय म्हणजे त्वरण, गच्छ म्हणजे लागलेला काळ, मध्यधन म्हणजे सरासरी वेग आणि सर्वधन म्हणजे कापलेले अंतर, असा मेळ घातला की बोटीच्या प्रश्नाची गुरुकिल्ली सापडते. वेग सारख्या प्रमाणात वाढत असेल तर वेळेला ना सुरुवातीच्या वेगाने गुणायचे, ना शेवटच्या वेगाने. गुणायचे ते या दोहोंच्या बरोबर मधल्या वेगाने.

पायऱ्यांपासून उतारापर्यंत

राजाची वाटचाल आणि बोटीची चाल यांच्यात मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. राजा दिवसभर एकाच वेगाने चालतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा वेग एकदम २२/७ ने वाढतो, म्हणजे त्याचा वेग जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढतो. बोटीचा वेग मात्र घाटीच्या उतारासारखा अखंड चढत असतो. राजाने वेग रोज सकाळी न वाढवता दर अर्ध्या दिवसाला निम्म्या प्रमाणात वाढवला असता, तर सात दिवसांत तो ८० ऐवजी ८५.५ योजने गेला असता. दिवसाच्या साठ घटिका धरून त्याने दर घटिकेला साठाव्या हिश्शाने वेग वाढवला असता, तर त्याने सुमारे ९०.८ योजने गाठली असती. पायऱ्या जसजशा लहान कराव्यात तसतसे उत्तर एका ठरावीक संख्येच्या जवळ सरकत जाते, आणि पायऱ्या पुसून निव्वळ उतार उरला की ते ९१ योजनांवर येऊन थांबते.

ही ९१ ची संख्या थेट मध्यधनाच्या मार्गानेही मिळते. प्रारंभीचा वेग दिवसाला २ योजने आणि सात दिवसांच्या अखंड वाढीनंतरचा वेग २ अधिक २२, म्हणजे दिवसाला २४ योजने; यांची सरासरी १३ आणि तिला सातने गुणले की ९१. पायऱ्यांच्या हिशेबापेक्षा येथे ११ योजने अधिक येतात, कारण अखंड वाढीत प्रत्येक दिवशी राजा त्या दिवसाच्या वाढीचा निम्मा लाभही पदरात पाडून घेतो, आणि २२/७ च्या निम्मे म्हणजे ११/७ योजने सात दिवस मिळाली की बरोबर ११ योजने होतात.

हेच सर्वसाधारण रूपात मांडले की शाळेतील समीकरण तयार होते. त्वरणाला काळाने गुणले की वेगात पडलेली एकूण भर मिळते. ती सुरुवातीच्या वेगात मिळवली की अंतिम वेग मिळतो. सुरुवातीच्या आणि अंतिम वेगाची सरासरी काढताना ही भर निम्मी होते, आणि शेवटी सरासरीला पुन्हा काळाने गुणायचे असल्यामुळे काळ दुसऱ्यांदा गुणला जातो. म्हणून,

अंतर = (सुरुवातीचा वेग × काळ) + (½ × त्वरण × काळ × काळ).

‘एक द्वितीयांश’ हा सरासरीचा ठसा आहे, तर काळाचा वर्ग येतो तो काळ दोन कामे करतो म्हणून : एकदा तो वेग वाढवतो आणि एकदा त्या वाढलेल्या वेगाला वाट चालायला अवसर देतो. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर आडव्या रेषेवर काळ आणि उभ्या रेषेवर वेग मांडला असता एकसमान त्वरणाची रेषा तिरपी सरळ येते, आणि तिच्याखालचा समलंब चौकोन, जसा एका बाजूला अरुंद व दुसऱ्या बाजूला रुंद असलेला शेताचा तुकडा, त्याचे क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर होय. अशा तुकड्याची सरासरी रुंदी काढून तिला लांबीने गुणावे, हा जमीन मोजणाऱ्याचा हिशेब आणि मध्यधनाचा हिशेब एकच आहे.

तात्कालिक गती आणि पाण्याचे घड्याळ

क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेगाची जाणीवही भास्कराचार्यांना होती, मात्र ती जमिनीवरच्या वस्तूंच्या संदर्भात नव्हे तर ग्रहांच्या संदर्भात. दोन दिवसांतील ग्रहस्थानांच्या फरकावरून काढलेली गती ही स्थूल असते, आणि चंद्रासारख्या झपाट्याने सरकणाऱ्या बिंबाची गती तर दिवसाच्या आतच बदलत राहते, म्हणून तिथीचा शेवट नेमका साधायचा असेल तर त्या क्षणाची, म्हणजे ‘तात्कालिक’ गती घ्यावी, असे त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ग्रहगणितात सांगितले आहे. श्रेढी आणि तात्कालिक गती या दोन्ही कल्पना एकाच ग्रंथकाराकडे होत्या. परंतु पडणाऱ्या किंवा घरंगळणाऱ्या वस्तूंवर त्या लावून पाहण्याचे काम पुढे युरोपात झाले. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील विद्वानांनी एकसमान वाढणाऱ्या वेगासाठी मधला वेग वापरण्याचा नियम मांडला, फ्रान्समधील निकोल ओरेम याने तो आकृतीने दाखवला, आणि निसर्गातील पतन या नियमाला खरोखरच धरून असते का, हे प्रयोगाने तपासले ते इटलीतील गॅलिलिओने.

सरळ खाली पडणारी वस्तू त्या काळच्या घड्याळांच्या मानाने फारच लवकर जमिनीला टेकत असल्यामुळे गॅलिलिओने लाकडी तुळईत गुळगुळीत खाच पाडून ती किंचित तिरपी ठेवली आणि तिच्यातून कांस्याचा गोळा घरंगळत सोडून पतन जणू मंद करून घेतले. वेळ मोजण्यासाठी त्याने पाण्याच्या भांड्याच्या तळाला बारीक नळी बसवली आणि गोळा धावत असताना पडलेले पाणी तराजूत तोलले. भारतात मुहूर्तासाठी वापरले जाणारे घटिकापात्र पाण्यात बुडायला चोवीस मिनिटे घेते, त्याच्या मानाने ही युक्ती पुष्कळ सूक्ष्म होती. गोळ्याने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा निष्कर्ष १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात आला. त्यातच त्याने हेही दाखवले की स्थिर स्थितीतून निघालेली वस्तू लागोपाठच्या समान कालखंडांत १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतरे कापते. मुख १ आणि चय २ असलेल्या श्रेढीचे सर्वधन क्रमाने १, ४, ९, १६ असे, म्हणजे वर्गसंख्याच येते, हे ‘लीलावती’च्या नियमानेही पडताळता येते.

श्रीवर्धन परिसरातील नारळाच्या वाडीत हाच नियम रोज प्रत्ययाला येऊ शकतो. पृथ्वीच्या आकर्षणामुळे पडणाऱ्या वस्तूचे त्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, त्यामुळे १९.६ मीटर उंचीच्या माडावरून सुटलेला नारळ, हवेचा विरोध सोडून दिला तर, दोन सेकंदांत जमिनीवर येतो. या दोन सेकंदांचे अर्ध्या सेकंदाचे चार तुकडे केले तर पहिल्या तुकड्यात तो १.२२५ मीटर, दुसऱ्यात ३.६७५, तिसऱ्यात ६.१२५ आणि चौथ्यात ८.५७५ मीटर खाली येतो, आणि हे प्रमाण १, ३, ५, ७ असेच भरते. निम्मा वेळ उलटला तेव्हा नारळ निम्म्या उंचीवर नसून केवळ एक चतुर्थांश अंतर उतरलेला असतो, आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. माडाखाली उभे राहू नये या वाडीतल्या सांगण्याला गणिताचा एवढा भक्कम आधार आहे.

धक्क्यापासून धक्क्यापर्यंत

आता बोटीच्या मूळ प्रश्नाकडे वळता येते. येथील आकडे हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. पहिल्या टप्प्यात ०.०८ च्या त्वरणाने ४० सेकंद गेले, सुरुवातीचा वेग शून्य होता, म्हणून अंतर ½ × ०.०८ × १६००, म्हणजे ६४ मीटर झाले. सरासरी वेग १.६ आणि वेळ ४० सेकंद असा गुणाकार केला तरी तेच उत्तर येते. दुसऱ्या टप्प्यात सेकंदाला ३.२ मीटर या स्थिर वेगाने दहा मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद गेले, तेव्हा १,९२० मीटर अंतर तुटले. तिसऱ्या टप्प्यात ८० सेकंदांत वेग ३.२ वरून शून्यावर आला, त्याची सरासरी पुन्हा १.६ आणि अंतर १२८ मीटर. बारा मिनिटांच्या या प्रवासात बोट एकूण २,११२ मीटर गेली. ती सगळा वेळ पूर्ण वेगाने धावली असती तर २,३०४ मीटर गेली असती, म्हणजे वेग घेण्यात आणि सोडण्यात १९२ मीटरांचा तोटा झाला.

वेग सोडण्याचा भाग लहान बोटीपेक्षा मालवाहू जहाजासाठी फार महत्त्वाचा असतो, आणि २०२१ पासून अदानी पोर्ट्सच्या ताब्यात असलेल्या दिघी बंदरासारख्या ठिकाणी तो नजरेस पडतो, कारण पाण्यात रस्त्यासारखी घट्ट पकड नसते आणि हजारो टनांच्या जहाजाचे मंदन अतिशय थोडे असते. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात. तासाला एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, हा एक नॉट होय. सहा नॉट वेगाने येणारे जहाज एकसमान मंदनाने दहा मिनिटांत थांबले असे धरले तर त्याचा सरासरी वेग तीन नॉट होतो आणि थांबेपर्यंत ते अर्धा सागरी मैल, म्हणजे ९२६ मीटर पुढे सरकते. तेच जहाज बारा नॉट वेगाने येत असेल आणि मंदन तेवढेच असेल तर थांबायला वीस मिनिटे लागतात, सरासरी सहा नॉट होते आणि अंतर दोन सागरी मैल, म्हणजे ३,७०४ मीटर भरते. वेग दुप्पट झाला पण अंतर चौपट झाले, आणि म्हणूनच बंदरात शिरणाऱ्या जहाजाचा वेग फार आधीपासून उतरवावा लागतो व धक्क्याला लावताना ओढबोटींची मदत घ्यावी लागते.

रस्त्यावरही हेच घडते. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग या मंदनाने थांबू शकणारी मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगावरून १० मीटरांत थांबते, पण ताशी ७२ किलोमीटर वेगावरून तिला ४० मीटर लागतात. शिवाय चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गेलेल्या क्षणाचे अंतर वेगळे धरावे लागते, आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पकड कमी झाल्याने मंदन घटले की हे अंतर आणखी लांबते.

जंजिऱ्याची तोफ

हाच नियम दोन दिशांना एकाच वेळी कसा लागू होतो, हे समजण्यासाठी खाडीच्या मुखावरच्या किल्ल्यातील कलालबांगडी ही प्रसिद्ध तोफ उपयोगी पडते. तोफेचे तोंड अगदी आडवे असून ते पाण्यापासून १२ मीटर उंच आहे असे कल्पिले, तर गोळा पुढे कितीही वेगाने सुटला तरी खाली पडण्याच्या बाबतीत त्याचा सुरुवातीचा वेग शून्यच असतो, म्हणून १२ मीटर उतरायला त्याला सुमारे १.५६ सेकंद लागतात, म्हणजे तटावरून हातातून सुटलेल्या दगडाला लागतात तेवढेच. आडव्या दिशेने त्वरण नसल्यामुळे, हवेचा विरोध वगळता, तेवढ्या वेळात सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटलेला गोळा सुमारे ४७० मीटरच जाऊ शकतो. मारा याहून लांबवर करायचा असेल तर तोफेचे तोंड वर उचलावे लागते, म्हणजे गोळ्याला वरच्या दिशेने सुरुवातीचा वेग देऊन त्याचा हवेतला काळ वाढवावा लागतो.

जिथे हिशेब चुकतो

या गणितात विद्यार्थ्यांकडून होणाऱ्या चुका ठरावीक असतात आणि त्या सगळ्यांचे मूळ मध्यधन विसरण्यात किंवा एककांकडे वा चिन्हांकडे दुर्लक्ष करण्यात असते. अंतिम वेगाला थेट काळाने गुणले की सुरुवात शून्य वेगाने झालेली असल्यास उत्तर दुप्पट येते. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि काळ सेकंदांत ठेवला की उत्तराला काही अर्थच उरत नाही, म्हणून ताशी किलोमीटरला १८ ने भागून ५ ने गुणावे आणि मग सेकंदांशी जोडावे. आणि मंदनाला ऋण चिन्ह न दिल्यास थांबणारी बोट कागदावर वेग घेत धक्क्यावर आदळते. उत्तर पडताळण्याचा सोपा मार्ग असा की आलेल्या अंतराला काळाने भागावे आणि मिळालेला सरासरी वेग सुरुवातीच्या व अंतिम वेगाच्या बरोबर मध्ये पडतो की नाही, हे पाहावे.

यापेक्षा खोल मर्यादा मात्र समीकरणाच्या गृहीतकातच आहे. प्रत्यक्षात बोटीचे त्वरण एकसमान नसते, कारण वेग वाढला की पाण्याचा विरोधही वाढतो, इंजिनाचा जोर तोच असला तरी वेगातील भर कमी कमी होत जाते, आणि विरोध जोराइतका झाला की वेग स्थिर होतो. त्यातच भरती-ओहोटीचा ओघ खाडीत वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा असतो. अशा वेळी काळाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात त्वरण स्थिर मानावे आणि तुकड्यातुकड्यांची अंतरे मिळवीत जावे, हाच मार्ग उरतो, आणि राजाची वाटचाल दिवसावरून घटिकेवर आणण्याची जी युक्ती वर आली तीच पूर्णत्वाला नेली की तिला कलनशास्त्र म्हणतात.

आजच्या जवळपास प्रत्येक स्मार्ट मोबाइलमध्ये त्वरण मोजणारा सूक्ष्म संवेदक असतो, आणि त्याच्या नोंदींची अशी बेरीज करून कापलेले अंतर काढणे तत्त्वतः शक्य आहे; पण येथेच काळाचा वर्ग आपली दुसरी बाजू दाखवतो. संवेदकाच्या मापात केवळ ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक कायम राहिली, तर एका मिनिटात अंतरातील चूक १८ मीटर होते, आणि बारा मिनिटांनी ती ½ × ०.०१ × ७२० × ७२०, म्हणजे २,५९२ मीटर भरते. बोट दिघीच्या धक्क्याला लागलेली असताना मोबाइलने काढलेली तिची जागा, उदाहरणात धरलेल्या सगळ्या प्रवासाहूनही अधिक अंतराने चुकलेली असेल. चयातील तीळभर चूक सर्वधनात वर्गाच्या वेगाने फुगते, म्हणून त्वरणावरून मार्ग काढणाऱ्या उपकरणांना मधूनमधून उपग्रहाकडून आपली खरी जागा विचारून घ्यावी लागते. फेरीबोटीचा सारंगही इंजिनाचा जोर कमी करतो तो मनातल्या हिशेबावर विसंबून नव्हे, तर समोरच्या किनाऱ्यावरच्या ओळखीच्या खुणेवर नजर ठेवून.